पहिला दिवा आणि जुने बटण : नागपूरच्या घरात स्वयंचलनाची सुरुवात

घरातील दिवे, पंखे, कूलर, गिझर ही उपकरणे ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद व्हावीत, किंवा जागेवरून न उठता मोबाइलवरून हाताळता यावीत, यासाठी लागणारी साधने आता सीताबर्डीच्या विजेच्या दुकानांतही मिळतात आणि घरपोचही येतात. अडचण साधनांची नसून क्रमाची आहे. बहुतेक जण आधी वस्तू विकत घेतात, मग ती कुठे लावावी याचा विचार करतात आणि सर्वांत शेवटी बोर्डात आवश्यक ती तार आहे की नाही हे पाहतात. मीही तसेच केले होते. माझा पहिला स्मार्ट दिवा मी बैठकीच्या खोलीत लावला; तिसऱ्या दिवशी आईने नेहमीच्या सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले आणि संध्याकाळी दिवा आपोआप लागेल म्हणून आम्ही अंधारात वाट पाहत बसलो. तिचे म्हणणे एवढेच होते : "बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे, बाकी तुझं तू बघ." त्यानंतर घरात जे काही बसवले ते या एका अटीत बसते का हे पाहूनच बसवले, आणि पुढील पायऱ्याही त्याच अटीला धरून मांडल्या आहेत.

पायरी पहिली : आठवडाभर वही

पहिला आठवडा काहीही विकत घेऊ नये. एका वहीत रोज एवढेच टिपावे की, घरातील कोण, कोणत्या वेळी, कोणते बटण दाबण्यासाठी उठते आणि कोणते बटण बंद करायचे विसरते. आमच्या वहीत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या : फाटकाजवळचा दिवा, जो सकाळी नऊपर्यंत जळत राहत असे, न्हाणीघरातील गिझर, जो बंद केला की नाही याची खात्री करायला कोणीतरी अर्ध्या जिन्यातून परत येत असे, आणि कूलरचा पंप, ज्याच्यासाठी मे महिन्यात पहाटे चारला उठावे लागे. रंग बदलणारे दिवे आणि आपोआप सरकणारे पडदे यांची गरज वहीत एकदाही आली नाही.

त्याच वहीत प्रत्येक उपकरणासमोर त्याचे वॅट लिहावेत. ते उपकरणावरील पट्टीवर छापलेले असतात. वॅटला २३० ने भागले की साधारण किती अँपिअर प्रवाह लागतो ते कळते. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला प्रवाह नगण्य लागतो, परंतु २००० वॅटच्या गिझरला सुमारे ९ आणि ३००० वॅटच्या गिझरला सुमारे १३ अँपिअर लागतात. आपल्याकडील लहान सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे सुमारे १३८० वॅटपर्यंतचे असते आणि मोठे १६ अँपिअरचे, म्हणजे सुमारे ३६८० वॅटपर्यंतचे. गिझर नेहमी मोठ्या सॉकेटवर आणि १६ अँपिअर लिहिलेल्या स्मार्ट प्लगवरच, म्हणजे सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये बसणाऱ्या व मोबाइलवरून हाताळता येणाऱ्या प्लगवरच, असावा. "दहा अँपिअरचा आहे, चालून जाईल" असे दुकानदार म्हणाला तरी तो घेऊ नये, कारण गिझर काही सेकंदांसाठी चालत नाही. तो वीस-वीस मिनिटे सलग तेवढा प्रवाह ओढतो आणि प्लगच्या पिना तापून प्लास्टिक पिवळे पडू लागते.

काही उपकरणे यादीतून सरळ वगळावीत. इस्त्री आणि पाणी तापवण्याची कांडी, म्हणजे इमर्शन रॉड, समोर माणूस नसताना कधीही चालू होऊ नये. बादलीत पाणी नसताना कांडी चालू झाली तर ती जळते, आणि पाणी असताना चालू झाली व कोणी त्यात हात घातला तर काय होईल ते सांगायला नको.

ज्या उपकरणावर स्पर्शाची बटणे किंवा डिजिटल पॅनेल आहे, त्याची एक सोपी परीक्षा घ्यावी. उपकरण चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करावे, दहा सेकंद थांबावे आणि बटण पुन्हा चालू करावे. उपकरण आपणहून पूर्वीसारखे सुरू झाले तर ते स्मार्ट प्लगवर चालेल. ते नुसते लाल ठिपका दाखवत स्वस्थ बसले तर स्मार्ट प्लगचा उपयोग फक्त बंद करण्यापुरता आहे. जुना फिरवायच्या खटक्याचा कूलर या परीक्षेत उत्तीर्ण होतो. नवा, रिमोटचा कूलर अनेकदा होत नाही.

पायरी दुसरी : बोर्ड उघडून पाहणे

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे, परंतु तो काय पाहतो आहे हे आपल्याला कळले पाहिजे.

भिंतीवरचे साधे बटण फक्त फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार तोडते आणि जोडते. दिव्याकडे जाणारी न्यूट्रल, म्हणजे परतीची, तार पुष्कळदा छतातूनच परस्पर गेलेली असते आणि बटणाच्या डबीत ती आलेलीच नसते. बटणामागे बसवायच्या स्मार्ट मॉड्यूलला, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या लहान साधनाला, मात्र स्वतः जागे राहण्यासाठी चोवीस तास थोडी वीज लागते, आणि त्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही हवी असते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच, कारण तिच्याशिवाय सॉकेट चालत नाही. फक्त बटणे असलेल्या बोर्डावर ती नसण्याची शक्यता मोठी. आमच्या जिन्यातील बोर्ड उघडल्यावर वायरमन म्हणाला, "भाऊ, यात न्यूट्रलच नाही," आणि तोवर मी मॉड्यूल विकत घेऊन बसलो होतो.

न्यूट्रल नसेल तर तीन वाटा आहेत : जवळच्या बोर्डातून त्याच सर्किटची न्यूट्रल ओढून घेणे, न्यूट्रलविना चालणारे मॉड्यूल घेणे, किंवा त्या जागी स्मार्ट बल्ब लावून मोकळे होणे. दुसऱ्या वाटेत मॉड्यूल आपली वीज दिव्यातूनच घेते, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद लुकलुकत राहू शकतो आणि तो थांबवण्यासाठी दिव्याला समांतर एक लहान कपॅसिटर लावावा लागतो. पहिली वाट उत्तम, फक्त न्यूट्रल दुसऱ्या सर्किटची उसनी घेऊ नये. तसे केल्यास एका सर्किटमधून गेलेला प्रवाह दुसऱ्या सर्किटमधून परततो, आणि अशा सर्किटांवर वेगवेगळी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी साधने, असतील तर ती कारण न कळता पडत राहतात.

तारांच्या रंगांवर फार विसंबू नये. नियमाप्रमाणे फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असावी. परंतु महाल भागातील जुन्या वाड्यात काय किंवा बेसा आणि मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये काय, हाताशी असलेल्या तारेवर भागवलेले काम सर्वत्र आढळते. म्हणून एमसीबी, म्हणजे त्या सर्किटचा मुख्य पेटीतील खटका, बंद करून, ती बंद झाल्याची टेस्टरने व शक्य तर मल्टिमीटरनेही खात्री करून, मगच तारेला हात लावू द्यावा. बोर्डाच्या डबीची खोलीही मोजून घ्यावी. जुन्या उथळ डब्यांत बटण, तारा आणि मॉड्यूल एकत्र कोंबले तर झाकण बसत नाही आणि बसलेच तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. अनेक मॉड्यूलांवर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वातावरणात वापरावे असे लिहिलेले असते. पश्चिमेच्या भिंतीवरची डबी नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत ही मर्यादा सहज ओलांडते, म्हणून अशा भिंतीवर मॉड्यूल बसवायचे टाळावे किंवा त्यावर फक्त एक-दोन दिव्यांचा भार ठेवावा.

वायरमन घरात आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर ती बसवून घ्यावी. विदर्भात दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. एरवी ओल्या हाताने कूलरला स्पर्श करण्याआधी माणूस तो बंद करतो. परंतु जो कूलर आपोआप सुरू होणार आहे, त्याच्याबाबतीत ही सावधगिरी आपोआप राहत नाही. माझ्या मते हा खर्च पहिल्या स्मार्ट वस्तूच्या आधी व्हावा, आणि तेवढ्यावरच बजेट संपले तर स्वयंचलन पुढच्या वर्षी करावे.

पायरी तिसरी : बल्ब, प्लग की मॉड्यूल

स्मार्ट बल्ब लावायला सर्वांत सोपा असतो. जुना काढायचा आणि हा लावायचा. पण भिंतीवरचे बटण बंद झाले की तो मृत होतो आणि मोबाइलवर 'संपर्क नाही' एवढेच दिसते. म्हणून जिथे भिंतीवरचे बटण कोणी वापरत नाही, तिथेच तो योग्य : टेबलावरचा दिवा, देवघरातला मंद दिवा, पलंगाशेजारचा दिवा.

स्मार्ट प्लग हे नवख्या माणसाचे खरे पहिले साधन आहे. त्यासाठी तार जोडावी लागत नाही, चुकले तर काढून दुसरीकडे लावता येते, आणि त्याच्या अंगावर स्वतःचे बटण असल्याने मोबाइल हाताशी नसतानाही उपकरण चालू-बंद करता येते. शक्यतो वीज मोजणारा प्लग घ्यावा. कोणते उपकरण किती युनिट खाते हे आठवडाभर त्यावर पाहिले की अनेक गैरसमज दूर होतात.

घरातील मुख्य दिव्यांसाठी मात्र बटणामागे बसणारे मॉड्यूलच घ्यावे, कारण त्यात जुने बटण तसेच राहते. बटणाची तार थेट दिव्याकडे न जाता मॉड्यूलच्या 'एस' लिहिलेल्या टोकांकडे जाते आणि दिवा मॉड्यूलच्या रिलेवरून, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या खटक्यावरून, चालतो. बटण दाबले की दिव्याची स्थिती बदलते, मोबाइलवरून आज्ञा दिली तरी बदलते, आणि वायफाय बंद पडले तरी बटण आपले काम करत राहते. यात एक लहानसा बदल घरच्यांना आधीच सांगावा लागतो : बटण खाली असेल तर चालू आणि वर असेल तर बंद, हे ठरलेले नाते राहत नाही, दर दाबण्याला फक्त स्थिती उलटते. आईला हे पटायला दोन दिवस लागले, मला स्वतःला आठवडा लागला.

पंख्याबाबत वेगळा विचार करावा. दिव्याचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारे साधन, पंख्याला लावू नये. मोटर गुणगुणते आणि तापते. पंख्यासाठी कपॅसिटरच्या टप्प्यांनी वेग बदलणारे वेगळे मॉड्यूल येते, आणि ते लावताना जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. घरात बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा असेल तर त्याला रेग्युलेटर लागतच नाही. तो बहुधा इन्फ्रारेड रिमोटवर चालतो, म्हणून त्याच रिमोटचे संकेत पाठवणारा, साबणाच्या वडीएवढा आयआर ब्लास्टर खोलीत ठेवला की पंखा, एसी आणि टीव्ही तिन्ही हाताळता येतात. त्याची मर्यादा अशी की हे संकेत एकाच दिशेने जातात. पंखा खरोखर सुरू झाला की नाही हे ब्लास्टरला कळत नाही, आणि मध्ये कपाट आले तर संकेत पोहोचतही नाहीत.

पायरी चौथी : वायफायची तयारी

बहुतेक स्वस्त स्मार्ट उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्हींना एकच नाव दिले असेल आणि जोडणी पुन्हा पुन्हा फसत असेल, तर तेवढ्या वेळापुरते ५ गिगाहर्ट्झ बंद करावे आणि जोडणी झाल्यावर पुन्हा सुरू करावे. वायफायचे नाव व पासवर्ड आता एकदा विचारपूर्वक ठरवावे. पुढे राउटर बदलला तरी तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवल्यास सर्व उपकरणे आपोआप जोडली जातात; नाही तर स्टुलावर चढून एकेक दिवा पुन्हा शिकवावा लागतो. राउटरवर पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कची सोय असेल तर स्मार्ट उपकरणे त्यावर ठेवावीत आणि त्यांचे मूळ पासवर्ड बदलावेत. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते याच कारणाने : मालकांनी कारखान्यातून आलेले पासवर्ड कधी बदललेच नव्हते.

पायरी पाचवी : पहिली जोडणी

आता एक स्मार्ट प्लग आणि एक दिवा घेऊन बसावे. उपकरण राउटरच्या जवळच्या सॉकेटवर लावावे, कंपनीचे अ‍ॅप मोबाइलवर घ्यावे, उपकरणावरील बटण पाच-सात सेकंद दाबून धरावे आणि त्याचा दिवा भरभर लुकलुकू लागला की अ‍ॅपमधून ते शोधावे. खोक्यावर किंवा उपकरणावर क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा. मॉड्यूल एकदा भिंतीत गेले की तो कोड पुन्हा दिसत नाही, आणि पुढे दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेताना नेमका तोच मागितला जातो.

उपकरणाला नाव देताना 'प्लग १' असे न देता 'फाटक दिवा', 'न्हाणी गिझर' असे घरात बोलले जाणारे नाव द्यावे. अलेक्साला, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या बोलून आज्ञा घेणाऱ्या मदतनीसाला, २०१९ पासून हिंदी समजते, आणि अशी दोन शब्दांची नावे ती बहुधा ओळखते. उच्चारात सारखी वाटणारी दोन नावे मात्र टाळावीत.

मग दोन सेटिंग लगेच तपासाव्यात. पहिली, वीज गेल्यानंतर परत आल्यावर उपकरणाने काय करावे : चालू व्हावे, बंद राहावे, की आधीच्या स्थितीत जावे. अनेक स्मार्ट बल्ब मुळात 'चालू' वर ठेवलेले येतात, आणि जूनच्या पहिल्या वादळात पहाटे तीनला वीज परतली की झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पूर्ण उजेड पडतो. दिव्यांसाठी 'आधीची स्थिती' आणि गिझरसाठी 'बंद' हेच योग्य. दुसरी सेटिंग अ‍ॅपमधील गावाची. ती नागपूरच आहे ना, हे पाहावे. का, ते पुढे येईल.

पायरी सहावी : वेळापत्रक

फाटकाजवळचा दिवा घड्याळाच्या वेळेवर लावू नये, सूर्यास्तावर लावावा. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सातच्या सुमारास. 'रोज साडेसहाला' असे वेळापत्रक ठेवले तर हिवाळ्यात तासभर अंधार राहतो आणि उन्हाळ्यात उन्हात दिवा जळतो. अ‍ॅप सूर्यास्ताची वेळ गावाच्या अक्षांश-रेखांशावरून काढते. गावाच्या जागी मुंबई राहिली असेल तर नागपूरचा दिवा वीस ते तीस मिनिटे उशिरा लागेल, कारण आपण मुंबईच्या सहा अंशांहून अधिक पूर्वेला आहोत आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. माझ्याकडे पंधरा दिवस असेच चालले होते आणि मी दोष दिव्याला देत होतो.

गिझरचे वेळापत्रक याहून सोपे आहे. सकाळी साडेपाचला चालू करावा; बंद करण्याची वेळ मात्र वेळापत्रकावर न सोडता 'चालू झाल्यापासून तीस मिनिटांनी बंद' असा नियम लावावा. म्हणजे दुपारी कोणी हाताने चालू केला आणि विसरला, तरी तो बंद होतो. आमच्या घरात सर्वांत जास्त आवडलेला नियम हाच आहे, आणि तो लिहायला एक मिनिट लागले होते.

पायरी सातवी : कूलर

नागपूरकरांसाठी ही पायरी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जोखमीची आहे, म्हणून ती पहिल्या महिन्यात करू नये. दिवा आणि गिझर महिनाभर सुरळीत चालले की मगच कूलरकडे वळावे.

खोलीतल्या साध्या कूलरचा पंखा साधारण दीडशे ते दोनशे वॅट घेतो आणि पंप त्याच्या पाव भागाहूनही कमी. आकडे लहान आहेत, पण मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढते. त्या धक्क्याने स्वस्त प्लगमधील रिलेचे संपर्कबिंदू हळूहळू जळतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मोबाइलवर 'बंद' दिसते आणि कूलर मात्र चालूच असतो. म्हणून कूलरसाठीही १६ अँपिअरचाच प्लग घ्यावा, आणि तो कूलरच्या तोंडासमोर किंवा पाण्याच्या टाकीवर न लावता शिंतोडे येणार नाहीत अशा उंचीवर लावावा.

खरा फायदा पंखा आणि पंप वेगळे केल्यावर मिळतो. वायरमनकडून पंपाची तार कूलरच्या खटक्यातून काढून स्वतंत्र प्लगवर घ्यावी. मग झोपण्याच्या दहा मिनिटे आधी पंप सुरू व्हावा, ताटी, म्हणजे कूलरच्या बाजूंची पाणी शोषणारी जाळी, पूर्ण भिजावी आणि त्यानंतर पंखा सुरू व्हावा, असा नियम लावता येतो. कोरड्या ताटीतून येणारा धुळीचा पहिला गरम झोत टळतो. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पंप जवळजवळ सलग लागतो. पहाटे चारनंतर मात्र दहा मिनिटे चालू आणि वीस मिनिटे बंद एवढे पुरते, पाणीही वाचते आणि उशी ओलसर होत नाही. मृगाचा पाऊस आला की उलटे होते : हवेतच ओलावा असल्याने पाणी उडून जात नाही, गारवा मिळत नाही आणि खोली फक्त दमट होते. खोलीत तापमान व आर्द्रता मोजणारा लहान सेन्सर ठेवून आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की पंप बंद, पंखा चालू, असा नियम लावल्यास जुलैतही कूलर निदान पंख्याच्या कामी येतो.

टाकी कोरडी पडल्यावर पंप चालत राहिला तर तो जळतो, आणि स्वयंचलित पंप तर नक्कीच चालत राहतो, कारण त्याचा बदललेला आवाज ऐकायला कोणी जागे नसते. टाकीत पाण्याची पातळी खाली गेल्यावर तार तोडणारा फ्लोट स्विच पंपाच्या तारेत जोडून घ्यावा. तो वायफायवर अवलंबून नसतो, ही त्याची मोठी गोष्ट. आणखी एक : आपोआप चालणाऱ्या कूलरकडे कोणी पाहत नाही, पाणी साचून राहते आणि त्यात डासांच्या अळ्या होतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासण्याची आठवण अ‍ॅपमध्ये लावता येते. घासावी आपल्यालाच लागते.

सेन्सर आणि नागपूरचा उन्हाळा

जिन्यात किंवा न्हाणीघरात माणूस आला की दिवा लागावा, यासाठी हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर लावतात. तो शरीरातून निघणारी उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतील फरक ओळखतो. डिसेंबरात तो दारातूनच माणूस हेरतो. मे महिन्याच्या दुपारी भिंतच ३६-३७ अंशांवर पोहोचते, फरक उरत नाही आणि सेन्सरला समोर उभा असलेला माणूसही दिसेनासा होतो. सेन्सर बिघडला असे समजून तो परत पाठवण्याआधी रात्री पुन्हा तपासावा. रडार पद्धतीचे सेन्सर उष्णतेवर अवलंबून नसतात, परंतु त्यांना फिरता पंखा आणि कूलरने हलणारा पडदाही माणसासारखा वाटू शकतो, म्हणून त्यांची संवेदनक्षमता कमी करत करत जुळवावी लागते.

वीज जाणे आणि वादळ

घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि हब, म्हणजे स्मार्ट उपकरणे एकत्र जोडणारी पेटी, त्यावर घ्यावेत. दिवे चालू आणि वायफाय बंद अशी स्थिती आली तर वेळापत्रके अडखळतात. वादळी संध्याकाळी वीज पाच मिनिटांत चार-पाच वेळा येते-जाते, आणि इथे एक विचित्र प्रकार घडतो. अनेक स्मार्ट बल्ब सलग तीन ते पाच वेळा चालू-बंद केले की स्वतःला नव्याने जोडण्याच्या स्थितीत जातात, कारण त्यांच्यावर वेगळे बटण नसल्याने कंपनीने तीच खूण ठरवलेली असते. वादळानंतर बल्ब लुकलुकत बसलेला दिसला तर तो बिघडलेला नाही. फक्त पुन्हा जोडावा लागेल. बटणामागच्या मॉड्यूलांना हा त्रास सहसा होत नाही. विजांच्या मोसमात उपकरणे वाचवायची असतील तर मुख्य पेटीत एसपीडी, म्हणजे दाबाचा अचानक आलेला उसळता लोंढा जमिनीत सोडणारे साधन, बसवून घ्यावे. त्याचा उपयोग चांगल्या अर्थिंगशिवाय होत नाही.

बचतीचा हिशेब

प्रत्येक स्मार्ट साधन बंद असतानाही सुमारे एक वॅट वीज घेते. एक वॅट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज एक तास कमी जळला तर वर्षाला वाचतात सव्वातीन युनिट. म्हणजे केवळ बचतीसाठी दिव्याला स्मार्ट करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. सोयीसाठी करावे आणि सोयीसाठीच केले असे म्हणावे. बचत दुसरीकडे आहे. पंचाहत्तर वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी तीस वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला आणि तो नागपूरच्या सवयीने आठ महिने रोज बारा तास चालला, तर सुमारे १३० युनिट वाचतात. विसरून चालू राहणारा गिझरही बचतीच्या यादीत येतो.

पुढचा टप्पा

पाच-सात उपकरणे झाली की प्रत्येक कंपनीचे वेगळे अ‍ॅप त्रासदायक वाटू लागते. नवी खरेदी करताना खोक्यावर 'मॅटर' हे चिन्ह पाहावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या सामाईक मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच ठिकाणाहून, आणि घरातल्या घरात, इंटरनेटवर न जाता चालवता येतात. याचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल : 'इन्स्टिऑन' या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले आणि ग्राहकांच्या हाती भिंतीवरची बटणे तेवढी राहिली. ज्यांना थोडी खटपट आवडते त्यांनी २०१३ पासून विकसित होत असलेली 'होम असिस्टंट' ही मुक्त प्रणाली जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवून पाहावी. पण ती दुसऱ्या वर्षी. पहिल्याच महिन्यात तिच्या मागे लागलेले माझे दोन मित्र अजून सेटिंगच करत आहेत आणि त्यांच्या फाटकाचा दिवा हातानेच लागतो.

मुख्य पेटीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा. कोणत्या एमसीबीवर कोणते मॉड्यूल आहे, वायफायचे नाव काय, प्रत्येक उपकरण मोबाइलशिवाय हाताने कसे चालवायचे आणि वायरमनचा क्रमांक, एवढे त्यावर मोठ्या अक्षरांत असावे, म्हणजे आपण गावाला गेलो असताना घरच्यांचे अडत नाही. होळीनंतर कूलर बाहेर निघतो त्या दिवशी हा कागद पाहून आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबावे आणि ती पडते का ते पाहावे, १६ अँपिअरच्या प्लगच्या पिना काळ्या पडल्या आहेत का ते तपासावे, सेन्सरमधील बटणसेल बदलावेत आणि कूलरचा फ्लोट स्विच हाताने वर-खाली करून पंप थांबतो याची खात्री करावी.